खिडकी कुठे, ओटा कुठे, झिपरीचं पिल्लू कुठे

एक होता बंगला. जुना, बसका, पिवळ्या रंगाचा. बंगल्यात राहायच्या कुमुदकाकू. आणि बंगल्याच्या मागच्या भिंतीत राहायची एक खार. तिचं नाव झिपरी.

मागच्या भिंतीत एका विटेएवढं भोक होतं. भोकात कापूस. कापसावर झिपरीचं पिल्लू. अंगठ्याएवढं. त्याला धावता येत नव्हतं. त्याला खाता येत नव्हतं. त्याला फक्त 'चिक' म्हणता यायचं.

एकदा बंगल्याचं काम निघालं. काकू म्हणाल्या, आता सगळं बदलायचं. इथलं तिथे, तिथलं इथे. मग माणसं आली. ठाक ठाक, धाड धाड.

सकाळी झिपरी पेरूच्या झाडावर गेली. पेरू खाल्ला, कुरुम कुरुम. परत आली, तुरु तुरु, तुरु तुरु. आणि थांबली.

भोक नव्हतंच.

भोकाच्या जागी होती वीट. विटेवर ओलं सिमेंट.

झिपरीने वर पाहिलं. खाली पाहिलं. आपण चुकून दुसऱ्याच भिंतीवर आलो की काय? तिने भिंतीला कान लावला. आतून आवाज आला, चिक.

भिंत तीच होती.

झिपरी घरात निघाली. कालच्या दारातून गेली, तर धप्प! तिथे आता भिंत. कालच्या भिंतीकडे गेली, तर आरपार. तिथे आता दार. झिपरीचं डोकं गरगरलं.

आत होते गवंडी शिवप्पादादा. गवंडी म्हणजे भिंत बांधणारे. ते थापीने सिमेंट थापत होते. थप थप, थप थप.

झिपरी म्हणाली, "दादा, दादा,
माझं पिल्लू मला दिसेना.
एक वीट काढता का?"

शिवप्पादादांनी डोकं खाजवलं. त्या भिंतीचा एक कोपरा त्यांनी दोनदा फोडला होता आणि दोनदा बांधला होता. तिथून पाइप येणार होता. मग येणार नव्हता. मग पुन्हा येणार होता.

ते म्हणाले, "नळवाला पाइप आणेल, मग मी वीट काढेन. पाइप कुठून येणार, मलाच कळत नाही."

झिपरी निघाली, तुरु तुरु, तुरु तुरु.

नळवाले युसुफचाचा पाइप कापत होते. खर्र खर्र, खर्र खर्र.

झिपरी म्हणाली, "चाचा, चाचा,
गवंडी वीट काढेना,
माझं पिल्लू मला दिसेना.
एक पाइप आणता का?"

चाचांनी पाइप इकडे धरून पाहिला. तिकडे धरून पाहिला. नळ ओट्यावर हवा. पण ओटाच नाही, तर नळ कुठे?

ते म्हणाले, "फरशीवाला ओटा मोजेल, मग मी पाइप आणेन. ओटा कुठे येणार, मलाच कळत नाही."

झिपरी निघाली, तुरु तुरु, तुरु तुरु. वाटेत पलंग लागला. पलंगाखालून गेली, तर पुढे अंगण. पलंग अंगणात कसा? झिपरी पुन्हा वळली.

फरशीवाले भवरभाऊ फरशी घासत होते. घर्र घर्र, घर्र घर्र. त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

झिपरी म्हणाली, "भाऊ, भाऊ,
नळवाला पाइप आणेना,
गवंडी वीट काढेना,
माझं पिल्लू मला दिसेना.
एक ओटा मोजता का?"

भवरभाऊंनी मोजायची फीत उघडली. फीत मिटली. काकूंना ओटा खिडकीखाली हवा होता. पण खिडकी कुठे होती?

ते म्हणाले, "सुतार चौकट लावेल, मग मी ओटा मोजेन. खिडकी कुठे येणार, मलाच कळत नाही."

झिपरी निघाली, तुरु तुरु, तुरु तुरु.

सुतार तुळशीरामकाका खिडकीच्या चौकटीवर बसले होते. चौकट तयार होती. रंध्याने तासून गुळगुळीत केली होती. पण ती जमिनीवर आडवी पडली होती.

झिपरी म्हणाली, "काका, काका,
फरशीवाला ओटा मोजेना,
नळवाला पाइप आणेना,
गवंडी वीट काढेना,
माझं पिल्लू मला दिसेना.
एक चौकट लावता का?"

तुळशीरामकाकांच्या कानावर पेन्सिल होती. ती त्यांनी काढली आणि दुसऱ्या कानावर ठेवली.

ते म्हणाले, "ताई रेघ ओढेल, मग मी चौकट लावेन. रेघ कुठे येणार, मलाच कळत नाही."

झिपरी आधी मागच्या भिंतीकडे धावली. भिंतीला कान लावला. आतून आवाज आला, चिक.

पण अगदी बारीक.

पिल्लाला भूक लागली होती. झिपरीने नखांनी वीट ओरबाडली. वीट हलली नाही. मग ती धावली, तुरु तुरु, तुरु तुरु, आणखी जोरात.

ताई म्हणजे इंजिनिअर ऋजुताताई. तिच्या हातात खडू होता. समोर मोठा कागद होता. कागदावर सगळा बंगला काढलेला. एक भिंत काढलेली. ती खोडलेली. पुन्हा काढलेली. पुन्हा खोडलेली. कागदालाच भोक पडलं होतं.

झिपरी म्हणाली, "ताई, ताई,
सुतार चौकट लावेना,
फरशीवाला ओटा मोजेना,
नळवाला पाइप आणेना,
गवंडी वीट काढेना,
माझं पिल्लू मला दिसेना.
एक रेघ ओढतेस का?"

ऋजुताताईला झिपरीची दया आली. पण घर होतं काकूंचं.

ती म्हणाली, "काकू सांगतील, मग मी रेघ ओढेन. त्यांना काय हवं, मलाच कळत नाही."

झिपरी निघाली, तुरु तुरु, तुरु तुरु.

कुमुदकाकू पुढच्या ओसरीत बसल्या होत्या. डावीकडे कढया. उजवीकडे डबे. मागे फ्रीज. त्या चहाची साखर शोधत होत्या. एका डब्यात निघाले खिळे. दुसऱ्या डब्यात निघाले मोजे.

झिपरी म्हणाली, "काकू, काकू,
ताई रेघ ओढेना,
सुतार चौकट लावेना,
फरशीवाला ओटा मोजेना,
नळवाला पाइप आणेना,
गवंडी वीट काढेना,
माझं पिल्लू मला दिसेना.
खिडकी कुठे, सांगता का?"

काकूंच्या हातातलं झाकण हातातच राहिलं.

काकूंचं स्वयंपाकघर अंधारं होतं. भर दुपारीसुद्धा त्या दिवा लावून भाकरी भाजायच्या. म्हणून त्यांना खिडकी हवी होती. पण पुढे केली, तर रस्त्याची धूळ. बाजूला केली, तर शेजाऱ्यांची भिंत. काकूंनी सोमवारी सांगितलं, इथे. मंगळवारी सांगितलं, तिथे. बुधवारी सांगितलं, नकोच.

काकू हळूच म्हणाल्या, "मलाच कळत नाही गं."

आता पुढे कोणाकडे जायचं? पुढे कोणीच नव्हतं.

झिपरीने शेपटी झटकली. मग ती वळली आणि पळत सुटली. काकू झाकण घेऊन तिच्या मागे गेल्या. ताई काकूंच्या मागे गेली. सुतार, फरशीवाले, नळवाले, गवंडी, सगळे एकामागे एक. कुठे चाललोय, कोणालाच माहीत नव्हतं.

झिपरी मागच्या भिंतीवर चढली. विटेला चिकटली. आणि म्हणाली,

"काकू काही सांगेना,
ताई रेघ ओढेना,
सुतार चौकट लावेना,
फरशीवाला ओटा मोजेना,
नळवाला पाइप आणेना,
गवंडी वीट काढेना,
माझं पिल्लू मला दिसेना."

काकूंनी भिंतीवर हात ठेवला. भिंत गरम होती. सगळ्या भिंतीवर सकाळचं ऊन पडलं होतं. काकू मागच्या बाजूला कधी यायच्याच नाहीत. इतकी वर्षं ऊन रोज भिंतीच्या या बाजूला येत होतं, आणि काकू त्या बाजूला, स्वयंपाकघरात, दिवा लावत होत्या.

आतून आवाज आला, चिक.

"खिडकी इथे," काकू म्हणाल्या. "इथेच. आणि ती वीट काढायचीच. हळू काढा, शिवप्पा."

काकूंनी सांगितलं.
ताईने रेघ ओढली, सर्र.
सुताराने चौकट भिंतीला लावून पाहिली, ठक.
फरशीवाल्याने ओटा मोजला, टक टक.
नळवाल्याने पाइप आणला, खण्ण.
गवंड्याने वीट काढली, खुर्र... खुर्र... खुट.

आत अंधार. आत धूळ. आत कापूस. कापूस जरासा हलला.

फिच!

पिल्लू शिंकलं. नाकावर सिमेंटचा पांढरा ठिपका घेऊन ते बाहेर डोकावलं. त्याने इतकी माणसं पाहिली. त्याला काहीच कळलं नाही. मग त्याला आई दिसली.

झिपरीने ठिपका चाटून टाकला. पिल्लाला पोटाशी घेतलं. पिल्लू दूध प्यायला लागलं, चुटु चुटु. सगळे वाकून बघू लागले.

आता त्या भिंतीत खिडकी येणार होती. मग झिपरीने राहायचं कुठे? काकूंनी तुळशीरामकाकांना सांगितलं. काकांनी उरलेल्या फळ्या जोडल्या. छोटीशी पेटी केली. छपराखाली ठोकली, ठक ठक ठक.

"दार कुठे करू?" काकांनी विचारलं.

झिपरीने पेटीवर पंजा ठेवला. बरोब्बर तिथे काकांनी गोल भोक पाडलं.

काकूंनी आत नवा कापूस घातला. झिपरीने पिल्लाला तोंडात धरलं.

आधी पिल्लू आत गेलं. मग आई आत गेली. शेपटी थोडा वेळ बाहेर राहिली.

मग शेपटीही आत गेली.