सांधमोड

एका गावात एक तळं होतं आणि तळ्याला काळ्या दगडाची जुनी भिंत. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. एका वर्षी ती ढासळली. उरली जेमतेम वीस हात. सरपंच म्हणाले, "आता सिमेंटचीच बांधू."

कोंडिबा गवंड्याला अन्न गोड लागेना. भिंत त्याच्या आज्यानं रचलेली. तो म्हणाला, "मी लावतो की परत!" पण लोकांना पटेना. शेवटी सरपंच म्हणाले, "पुरी भिंत कशी दिसेल ते चित्रात दाखव. पटलं तर दगडाची. नाहीतर सोमवारी सिमेंट येतंय."

त्याच गावात सुनेत्रा राहायची. सिनेमावाल्यांना ती संगणकावर डोंगर, गवत, झाडांच्या साली करून द्यायची. हातभर फोटोवरून कोसभर रान उभं करायची. कोंडिबा तिच्याकडे गेला. "ताई, एवढी भिंत वाचवा."

"त्यात काय मामा, आत्ता करते," सुनेत्रा म्हणाली.

अशा कामाच्या रीती दोन. एक, फोटोचा तुकडा घ्यायचा आणि फरशीसारखा शेजारी शेजारी डकवत जायचा. दहा मिनिटांचं काम. दुसरी, संगणकाला सगळी भिंत दाखवायची आणि प्रत्येक तुकडा बसवताना शोधायला लावायचं, की आजूबाजूला असेच दगड जुन्या भिंतीत जिथं होते, तिथं मध्ये कोणता दगड बसला होता? याला दोन दिवस लागतात, डोकं उठतं ते वेगळंच. सुनेत्रानं पहिली रीत धरली. शेवाळ नाही, फटींत ठोकलेल्या बारीक चिपा नाहीत असा गोजिरा तुकडा निवडला, साठ वेळा डकवला आणि जोड पुसट केले. गावात कुणाला कळतंय, असं तिला वाटलं.

शुक्रवारी शाळेच्या भिंतीवर चित्र दाखवलं. लोक क्षणभर खूश झाले. मग मागून एक बाई ओरडली, "अगं बाई, तो नाकासारखा पुढं आलेला दगड बघा! इथं एक, तिथं एक, तो तिसरा!" झालं. सगळी सभा नाकं मोजत बसली आणि पोट धरून हसली.

एकटा कोंडिबा हसला नाही. "ताई, सांधमोड कुठाय?" तो म्हणाला. "खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड आडवा यायला पाहिजे. तुमचा सांध्यावर सांधा आलाय. ही भिंत चित्रातसुद्धा पडंल."

सुनेत्राचा चेहरा उतरला. दोष संगणकावर ढकलता आला असता, पण तिनं तसं केलं नाही. "चूक माझी. सोपं होतं ते केलं," ती म्हणाली. "सोमवारी सकाळपर्यंत थांबा."

दुसऱ्या दिवशी ती कोंडिबाबरोबर भिंतीपाशी बसली. हा दगड इथंच का, ती चीप कशाला, सगळं विचारलं. शेवाळासकट वीसही हातांचे फोटो काढले. मग दुसरी रीत धरली. संगणकाला एकेक ठिपका बघून बसवायला लावलं, तर दगडांचा लगदा झाला. फार मोठा तुकडा धरला, तर जुनीच भिंत परत आली. दगड-दीड दगडाएवढा तुकडा धरला, जोड जमेल तिथं दगडांमधल्या फटींतून नेले, नाही तिथं दोन अर्धे मिळून नवाच दगड होऊ दिला, तेव्हा कुठं जमलं.

सोमवारी लोकांनी डोळे फाडून पाहिलं. एकसारखे दोन दगड कुणाला सापडेनात. कोंडिबा पुढं गेला आणि एका दगडापाशी बराच वेळ थांबला. त्याचे डोळे भरून आले.

"हा दगड आपल्या भिंतीत कधीच नव्हता," तो म्हणाला. "पण आज्याच्या हाती लागला असता, तर त्यानं हितंच बसवला असता."

सरपंचांनी खिशातून फोन काढला आणि सिमेंट नको म्हणून कळवून टाकलं.

तात्पर्य: नुसतं रूप उचललं की नक्कल होते, रीत उचलली तरच काम पुढं चालतं. आणि 'लोकांना काय कळतंय' असं मनात आलं, की आपलंच काम पुन्हा एकदा तपासावं.