म्हादबाची बॅटरीची गाडी

एका गावात म्हादबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. इतका भोळा, की कोणी "थांब" म्हटलं तर पुन्हा "चल" म्हणेपर्यंत जागचा हलायचा नाही.

बायको ठकू मात्र खमकी. गावाबाहेर कापसाचं जिनिंग होतं. तिथल्या वीस कामगारांचे डबे ती करायची, म्हादबा सायकलवर पोचवायचा. सायकल म्हातारी झाली, डबे उशिरा जायला लागले. जिनिंगचा मुकादम म्हणाला, "आता तीनदा चुकलात, की काम कोपऱ्यावरच्या खानावळीला."

ठकूचं घर त्या डब्यांवर चालायचं. तिने भिशी उचलली. म्हणाली, "अहो, बॅटरीची गाडी घेऊन या. दिवाळीत किंमत विचारलीय, तेवढेच पैसे आहेत."

म्हादबा तालुक्याला गेला. गाडीवाला शेठ म्हणाला, "दिवाळीची किंमत दिवाळीबरोबर गेली. तांबं महागलं, बॅटरीत पडतो तो माल महागला. गाडी महागली."

म्हादबा तसाच मागे फिरला. घरी आला. न्हाणीतला तांब्याचा बंब उचलला, चुंबळ करून डोक्यावर घेतला आणि शेठच्या टेबलावर नेऊन ठेवला. बंबात निखारे तसेच. चुंबळ धुमसत होती.

"हे काय रे?"

"तांबं. चक्कीवर गहू आपले नेतो, सोनाराकडे सोनं आपलं नेतो. तुम्ही नुसती मजुरी सांगा."

शेठने आधी टेबल विझवलं, मग कपाळाला हात लावला. "म्हादबा, गाडी म्हणजे पाटल्या नव्हेत. आता नीट ऐक. माल महागला आणि किंमत तीच ठेवायची, तर आतलं काहीतरी काढायचं. कंपनी असंच करते. या गाडीचा एक आरसा काढलाय, डिकीतला दिवा काढलाय, बॅटरी लहान बसवलीय. दिवाळीच्या किमतीत ही ने. आणि बॅटरी जप. गाडीत सगळ्यात महाग तीच."

म्हादबा गाडीही घेऊन आला, बंबही घेऊन आला. ठकू दारातच उभी. "अहो, महागाचा बंब गावभर मिरवलात? महागाची वस्तू कुलपात ठेवावी, एवढं कळत नाही?"

"आता कळलं," म्हादबा म्हणाला.

सोमवारी त्याने गाडीतली बॅटरी काढली. जुन्या लुगड्यात गुंडाळली, पत्र्याच्या पेटीत ठेवली, कुलूप लावलं. गाडीला डबे बांधले आणि निघाला ढकलत. जिनिंगवर पोचला तेव्हा तीन वाजले होते.

मुकादम म्हणाला, "गाडी बिघडली?"

"छे! नवी कोरी आहे."

"मग ढकलतोस कशाला?"

"बॅटरी पेटीत आहे. महागाची आहे ना."

मुकादमाने एक बोट वर केलं.

घरी ठकूने डोकं धरलं. "बॅटरी गाडीत ठेवायची असते हो! माझं जाऊ द्या, शेठने जे सांगितलं ते तरी करायचं!"

"करतो," म्हादबा म्हणाला.

मंगळवारी बॅटरी गाडीत. म्हादबा सुसाट. वाटेत बाजार लागला. मेथीची जुडी दुपटीने महागलेली. म्हादबाला शेठचं बोलणं आठवलं. त्याने गाडी उभी केली, वीस डबे उघडले, सगळी मेथी काढली आणि शेजारच्या म्हशीपुढे टाकली. बाराच्या भोंग्याला जिनिंगवर हजर.

मुकादमाने डबा उघडला. "भाजी कुठाय?"

"काढली. मेथी महागली. किंमत तीच आहे, तुम्ही काळजी करू नका."

"अरे, कोरड्या पोळ्या चावायच्या का आम्ही?"

"शेठने तर आरसा काढलाय. मी कुठं तक्रार केली?"

मुकादमाने दुसरं बोट वर केलं. "उद्या बाराला ही गाडी दारात दिसली नाही, तर संपलं."

त्या दिवशी ठकू रडली. मग डोळे पुसले आणि बोट नाचवत म्हणाली, "उद्या डब्यांना हात लावलात तर याद राखा!"

"मुळीच नाही लावायचा?"

"मुळीच नाही!"

बुधवारी ठकूने वीस डबे भरले, पिशव्यांत घालून दारात ठेवले आणि मागे भांडी घासायला गेली. म्हादबा आला. त्याने डबे पाहिले. दोन्ही हात पाठीमागे बांधले. पिशव्यांना लांबून वळसा घातला, गाडीवर बसला आणि गेला.

पावणेबाराला गाडी जिनिंगच्या दारात. मुकादमाने घड्याळ पाहिलं. चक्क हसला. "आज शहाणा झालास रे. आण डबे."

"घरी आहेत."

"घरी?"

"हातसुद्धा लावला नाही. ठकूला विचारा हवं तर."

मुकादमाने तिसरं बोट वर केलं. वीस माणसं उठली आणि खानावळीकडे चालू लागली.

म्हादबा घरी आला. ठकू उंबऱ्यावर, दोन्ही बाजूंना पिशव्या.

"काम गेलं?" तिने विचारलं.

"गेलं. पण तू रडू नको, ठकू," म्हादबा म्हणाला. "बॅटरी लहान, पुरते की नाही याचा मला घोर लागला होता. आता कुठं जायचंच नाही. जन्मभर पुरेल बघ!"