खारवण्याच्या खडकाची उठणावळ

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, जाखाईची शपथ. आता जाखाई खालच्या वाडीची आणि मी वरच्या वाडीचा, त्यामुळे शपथ कितपत लागू पडते ते बघावं लागेल. पण खडक खरा आहे. तुम्ही आत्ता त्यावरच बसलायत.

बघा, मधोमध दोन खळगे आहेत, बूड टेकावं एवढे, समोरासमोर. डावा खोल, उजवा त्याहून खोल. भर खाडीत इतक्या गुळगुळीत बैठका कोरल्या कुणी? कुणीच नाही. बसून बसून पडल्या, असं सांगतात.

त्या काळी खारवण्याला मोठं बंदर होतं. कारभार आवडाय तांडेलीण बघायची. एका वर्षी पुनवेच्या उधाणात समुद्रापलीकडच्या खजुराच्या देशातून जहाज आलं. त्यात खमीस नावाचा वकील. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. परक्या राज्यात आपल्या सुलतानाचं तोंड होऊन जातो तो. त्याला कायमचा करार हवा होता. तिकडचा खजूर इकडे, इकडचा तांदूळ तिकडे. अट एकच. करार जहाजावर होईल, वकील बसेल आणि बंदराची बाई उभी राहून मुजरा करेल.

आवडायच्या वखारीत अख्ख्या गावाचा तांदूळ पडून होता. वीस-पंचवीस दिवसांत पावसाळी वारं सुटलं की समुद्र बंद, मग तांदूळ तिथेच कुजणार. हे तिला कुणी सांगायला नको होतं, तरी सगळं गाव सांगत होतं. तिने घाटावरच्या आपल्या राजाला विचारलं. राजाचं उत्तर आलं, "तुमचं तुम्ही बघा."

"बघते," ती म्हणाली आणि वकिलाच्या दुभाष्याला बोलावलं. "धन्याला सांग, माझ्या ओटीवर ये. तोही बसेल, मीही बसेन. आज मी उभी राहिले ना, तर माझी नातवंडंपण उभीच राहतील."

वकील ओटीवर येईना, ती जहाजावर जाईना. शेवटी हा खडक ठरला. ना त्याचं जहाज, ना तिची ओटी. दोघांनी बसायचं, जो आधी उठेल त्याचा देश धाकटा.

दिवस आवडायने काढून दिला, वद्य अष्टमी. अष्टमीला भांगाची भरती, पाणी कमरेच्या वर चढत नाही. वकिलाने खडक पाहिला होता पुनवेला, पार बुडालेला. पाणी वाढताना बघून घाबरेल आणि उठेल, असा तिचा बेत. एवढंच ती विसरली की समोरचाही खलाशाच्याच पोटचा. पाणी कमरेला लागलं तसा तो हसला. दुभाषा होडीतून म्हणाला, "धनी म्हणतात, भांगाची भरती आमच्याही समुद्राला असते, आजी."

"आजी कुणाला म्हणतोस रे मेल्या?" एवढंच ती बोलली. आणि बसून राहिली.

दुसऱ्या दिवशीही दोघं तिथेच. भरतीला भिजायचे, ओहोटीला वाळायचे. तिला गावातून पेज यायची, त्याला जहाजावरून खजूर. तिसऱ्या दिवशी खजुराला कंटाळलेल्या वकिलाने पेजेकडे पाहिलं. आवडायने त्याच्यावरची नजर न काढता वाडगा पुढे केला. त्याने मूठभर खजूर दिला. उठलं कुणीच नाही.

ते बघून काठावरचे आणि जहाजावरचे म्हणाले, यांचं चालतं तर आपलं का नाही? आणि देवघेव सुरू झाली.

अवसेला उधाण आलं. तोवर जहाज तांदळाने भरलं होतं, वखार खजुराने. पाणी आवडायच्या हनुवटीला लागलं. काठावरून गाव ओरडत होतं, "ऊठ गो आवडाय! तांदूळ गेला सगळा!"

"तांदळासाठी बसलेय होय मी?" ती ओरडली.

पाणी ओठाशी आलं. आणि तेव्हा म्हणे तिचं बूड खडकावरून आपोआप सुटलं. समोर वकिलाचंही. दोघं तरंगायला लागले, मांडी घातलेलेच, समोरासमोर.

"मी उठले नाही!" ती म्हणाली.

"आम्हीही नाही," दुभाष्याने धन्याच्या वतीने कळवलं.

समुद्राने दोघांना एकाच वेळी उचललं होतं. आता धाकटं कोण ठरवणार? करारात शेवटी एकच ओळ लिहिली म्हणे: दोघं बसलेलेच आहेत. उजवा खळगा तिचा.

आजही खारवण्यात मोठा सौदा या खडकावरच होतो. पाणी उचलेपर्यंत बसला तो बरोबरीचा. मध्येच आपल्या पायांनी उठला, त्याने उठणावळ द्यायची, माणशी शंभर.

आज अवस आहे. म्हणून तर मघाशी म्हटलं, चपला होडीतच राहू द्या. ताई, पाणी अजून घोट्यालाच आहे... अहो काका... सगळेच उठलात?

बरं. माणशी शंभर. सुट्टे नसतील तर स्कॅन करा, कोड वल्ह्यावर चिकटवलाय.