झिपरूची टुंईपेटी

त्या दिवशी धुकं असं दाट उतरलं होतं, की कोंबड्यालासुद्धा उजाडलं की नाही ते कळेना. तो एकदा आरवला, मग गप्प बसला, आणि कुणी काही म्हणतंय का म्हणून मान वाकडी करून वाट बघत राहिला. पौषाचे दिवस होते. गवताच्या पात्यापात्यावर दवाचा मणी होता, आणि कोळ्याच्या जाळ्यांना तर जशा मोत्यांच्या झालरीच लागलेल्या.

अशा त्या पांढऱ्याशुभ्र सकाळी झिपरू नावाचा एक मुलगा आपल्या झोपडीच्या उंबऱ्यावर डोळे पुसत बसला होता.

झिपरूचे आबा हातगाडीवर भंगार गोळा करत. मोडके रेडिओ, फुटकी खेळणी, थांबलेली घड्याळं. आबा ते विकत, पण त्यातला एखादा इवलासा तुकडा झिपरू मागून घेई. दारावरच्या बेलमधली चिवचिवणारी चिमणी, गजराच्या घड्याळातली किणकिण, जुन्या रेडिओतली खरखर, खेळण्यातल्या ढोलकीची धप्प, आणि कुठल्या तरी वाद्यातली एक बारीक तार, टुंईऽऽ करणारी. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात हे सगळं त्यानं तांब्याच्या तारेनं जोडलं, सेल घातले, आणि झाली की हो टुंईपेटी तयार! बटणं दाबली की पेटी गाई. गाणं झिपरूनं स्वतः रचलेलं.

पण ते गाणं कुणी ऐकेल तर शपथ! झिपरू पेटी गाडीवर ठेवून गावभर फिरे. "ऐका हो, माझं गाणं ऐका!" आवाज पुरता चढवून तो दारोदार उभा राही. कुणी म्हणे, "छान हो, छान," आणि गाणं सुरू व्हायच्या आत घरात जाई. आणि शेजारचे देवबाकाका, टोपल्या विणणारे, ते तर कुडावरून ओरडत, "बंद कर रे ती किरकिर!"

आज सकाळी आबा म्हणाले होते, "झिपरू, पिठाचा डबा नुसता वाजतोय बाळा. पेटीत तांबं आहे. उद्या पुनवेचा बाजार. तोवर गावातल्या एका तरी माणसानं तुझं गाणं शेवटपर्यंत ऐकलं, तर पेटी राहू दे. नाहीतर तराजूत घालावी लागेल रे."

पेटी छातीशी धरून झिपरू जांभळीच्या राईत गेला. निदान झाडांनी तरी ऐकावं.

राईत चिटपाखरू नव्हतं. झिपरूनं बटणं दाबली. चिवचिव, किणकिण, खरखर, धप्प, टुंई, सगळे एकमेकांवर चढत सुटले, आणि अहो, त्या आवाजानं समोरचं कोळ्याचं जाळं थरथरलं. जाळ्याच्या मधोमध एक दवाचा थेंब होता. तो मोठा होत गेला. बोराएवढा, लिंबाएवढा, आणि मग कमळासारखा उमलला. त्यातून एक इवलीशी परी बाहेर आली. तिचे पंख दवाचे. हलले की त्यात निळं, पोपटी, गुलाबी असं काय काय लुकलुके. झिपरूचा आ वासलेलाच राहिला.

परी पेटीवर येऊन बसली आणि डब्याला कान लावून गाणं ऐकत राहिली. अगदी शेवटपर्यंत.

"कसं वाटलं?" झिपरूनं भीतभीत विचारलं.

परी "छान" म्हणाली नाही. ती म्हणाली, "एकेक आवाज सोन्यासारखा आहे, राजा. पण पाणवठ्यावर सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या, तर कुणाचं ऐकू?"

"मग कुठला काढू? मला तर सगळेच आवडतात."

"ते मी नाही सांगणार." परीनं जाळ्यातले तीन मणी तोडून त्याच्या तळहातावर ठेवले. मणी थंडगार, आणि आत चांदणं. "या तीन इच्छा. पण नियम ऐक. मागणं दुसऱ्याच्या घरासाठी हवं, आपल्या नाही. कुणी तुझं गाणं ऐकावं असं मागायचं नाही, कारण कान मागून मिळत नसतात. आणि प्रत्येक मागण्याला पेटीतला एक आवाज जाईल, तो परत यायचा नाही."

"आणि मागितलंच नाही तर?"

"तर संध्याकाळी मणी सुकतील. आवाज तुझ्यापाशीच राहतील. कुणी रागावणार नाही." एवढं बोलून परी धुक्यात विरून गेली.

झिपरूनं मणी मुठीत घट्ट धरले. मनाशी म्हणाला, आपण काही मागायचंच नाही. पेटीतला एकही आवाज द्यायचा नाही.

पण राईच्या तोंडाशीच चंद्राआत्या भेटल्या. त्यांना डोळ्यांनी दिसत नसे. धुक्यात हात पुढे करून त्या चाचपडत होत्या. "कोण आहे? माझं करडू पाहिलंस का रे? आता थंडीत मरेल ते!"

झिपरूनं पेटीकडे पाहिलं. मग डोळे मिटून एक मणी फोडला. पेटीतून किणकिण उडाली, धुक्यात गेली, आणि थोड्या वेळानं परत आली ती करडाच्या गळ्यात घंटा होऊन! करडू आत्यांच्या पायाला अंग घासू लागलं.

"आता हरवणार नाही हो," आत्या म्हणाल्या, "ऐकू येतंय मला ते."

पुढे मैनावहिनींच्या घरात बाळ रडून रडून निळं पडलेलं. "रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही रे त्याचा," वहिनी म्हणाल्या. झिपरूनं दुसरा मणी फोडला. रेडिओची खरखर पेटीतून निघाली आणि पाळण्यावर अशी हळू झिरपू लागली, जशी दूर कौलांवर पावसाची झिमझिम. बाळानं एक लांब उसासा टाकला आणि ते झोपलं.

राहिला एक मणी. तो घेऊन झिपरू दुपारी घरी आला, तर शेजारी देवबाकाका अंगणात बसलेले. पुढ्यात अर्धी टोपली. हात चालत नव्हते.

"काका, आज विणत नाही?"

"तुला काय करायचंय?" काका खेकसले. मग आपणच हळू बोलले, "तुझी काकू गेली तेव्हापासून अंगणात चिमणी फिरकत नाही बघ. ती त्यांना दाणे टाकायची. चिवचिवाट असला की हात आपोआप चालायचे."

चिमणी! झिपरूच्या गाण्याचा जीवच त्या चिमणीत होता. सगळ्यांत लाडका आवाज, आणि तो कुणाला द्यायचा, तर किरकिर म्हणणाऱ्याला? ऊन कलायला लागलं. मुठीतला मणी सुकत चालला. पार मोहरीएवढा झाला.

तेव्हा झिपरूनं तो फोडला.

भुर्रकन एक खरीखुरी चिमणी पेटीतून उडाली आणि काकांच्या अर्ध्या टोपलीच्या काठावर जाऊन बसली. काकांनी फक्त विणायला बांबूचं एक कांबीट उचललं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच धुकं. आबांनी गाडी काढली. "वाजव बाळा, शेवटचं," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून उभे राहिले.

झिपरूनं बटणं दाबली. पेटीत उरली होती फक्त ढोलकी आणि तार. धप्प. टुंईऽऽ. आणि मग जिथं किणकिण असायची, तिथं काहीच नाही. नुसती मोकळी जागा. आवाजही त्यानं आज चढवला नाही. कुणासाठी चढवायचा?

धप्प. टुंईऽऽ. आणि त्या मोकळ्या जागेत, लांबून, धुक्यातून, किण् किण्!

झिपरू दचकला. करडाची घंटा! पुढच्या मोकळ्या जागेत मैनावहिनींच्या घरातून झिमझिम आली. त्याच्या पुढच्या जागेत कुडावरून चिवचिव. बरोबर जागेवर, जशी कुणी हात धरून आणून बसवावी! सारं गाव त्या गाण्यात श्वास घेत होतं.

"अरे, माझ्या करडाची घंटा कुणाच्या गाण्यात जाऊन बसली?" म्हणत चंद्राआत्या करडाला धरून आल्या. बाळाला खांद्यावर घेऊन मैनावहिनी आल्या. त्यांच्या मागून आणखी दारं उघडली. धुक्यातून एकेक माणूस येत गेलं आणि झोपडीसमोर उभं राहिलं. कुणी छान म्हटलं नाही, कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटची टुंईऽऽ धुक्यात विरून जाईपर्यंत सगळे तसेच.

मग पेटीवर उजेड झाला. परी! आज तिच्या पंखांत सगळी सकाळ मावली होती.

"गाणं घेऊन दारोदार फिरत होतास ना, राजा?" ती हसून म्हणाली. "आता त्याचा तुकडा लोकांच्या घरात राहतो. म्हणून ते उरलेलं शोधत आले."

तिनं आबांच्या पिठाच्या रिकाम्या डब्याला पंखाची कड लावली, आणि डबा ज्वारीच्या पिठानं काठोकाठ भरला. मग तिनं पंख उघडले. निळं, पोपटी, गुलाबी, सोनेरी! अख्खं धुकं क्षणभर उजळलं, आणि त्या उजेडातच परी मिसळून गेली. मागे राहिलं स्वच्छ ऊन आणि गवतावर लाखो मणी.

आबांनी गाडी भिंतीला लावून ठेवली. लोक अजून हलत नव्हते. तेवढ्यात गर्दीतून देवबाकाका पुढे आले, डोक्यावर चिमणी येऊन बसलेली. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, घसा खाकरला, आणि पेटीशी उकिडवे बसत म्हणाले,

"झिपऱ्या, मधे ती जागा मोकळी सोडलीस ना, जिथं माझी चिमणी बोलली, ती तशीच राहू दे. भरू नकोस. आणि आता लाव बघू पुन्हा, पहिल्यापासून."