वीतभर उघडा पडदा

फार पूर्वी, एका पेठेच्या गावात एक कासार आणि कासारीण राहत. घरात मूलबाळ नव्हतं, पण पिवळी आणि भुरी या दोन मांजरींनी ती कसर भरून काढली होती. साऱ्या घरावर राज्य त्यांचंच.

एका वर्षी कासाराच्या डोळ्यांना विकार जडला. वैद्यबुवांनी लेप दिला आणि बजावलं, "रोज दुपारी हा लेप घालून पडायचं आणि दसऱ्यापर्यंत डोळे मिटलेलेच ठेवायचे. तोवर उन्हाची तिरीपही त्यांच्यावर येता कामा नये. आली, तर पुढचं मी सांगू शकत नाही."

तेव्हापासून कासारणीच्या जिवाला घोर लागला. खोलीची खिडकी नेमकी पश्चिमेला. तिची दारं लावावीत, तर आत उकडून घामाने लेप ओघळे. म्हणजे पडदा हवा. आणि पडदा म्हटला की मांजरी आल्याच!

तिने जुन्या लुगड्याचा पडदा लावला. पिवळीने त्याच्या चिंध्या केल्या. मग वाळ्याचा आणला. त्याच्या काड्या भुरीने अंगणभर नेल्या. ऊन खाटेकडे सरकू लागलं, की बिचारी कासारीण खिडकीत पदर पसरून उभी राही. तिची अन्नावरची वासनाच उडाली.

शेजारीण म्हणाली, "वहिनी, पडदे कसले बदलताय? मांजरीच पोत्यात घाला आणि नदीपल्याड सोडून या."

कासारणीच्या मनात ते येऊनही गेलं. पण भुरी उशाशी घुरघुरल्याशिवाय कासाराला झोप लागत नसे. पोतं काही तिच्या हातून उचललं गेलं नाही.

ती बुरुडाकडे गेली. "दादा, तुमच्याकडचा सगळ्यांत बळकट पडदा द्या. मांजराची नखं मोडली पाहिजेत!"

"बांबूच्या जाड कामट्यांचा देतो, बाई. तो गुंडाळायची दोरीही दुहेरी वळतो. हत्ती आला तरी तुटायची नाही."

कासारणीने पडदा टांगला, खालची कड गजांना करकचून बांधली आणि दोरी तशीच लोंबत सोडली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दुपारी ती ओट्यावर एका सासुरवाशिणीला बांगड्या भरत होती. बांगडी अर्ध्या हातात असताना आतून मांजराची किंकाळी आली. बांगडी तिथेच पिचली. कासारीण धावत आत गेली.

भुरीची मान दोरीत अडकली होती आणि ती लोंबकळत तडफडत होती. बळकट दोरी तुटणार कशी? कासार डोळे मिटून, चाचपडत खिडकीशी आला होता. ओढाताणीत पडद्याचा कोपरा सुटला होता आणि उन्हाची तिरीप थेट त्याच्या तोंडावर पडली होती.

"अहो, मागे व्हा! ऊन आहे!"

"असू दे. तू हिला वर उचल, मी गाठ सोडवतो."

बांगड्या भरून तयार झालेली ती बोटं. त्यांनी न बघता फास सैल केला. भुरी निपचित पडली होती. कासार तिचं अंग चोळत राहिला. बऱ्याच वेळाने भुरी शिंकली, आणि कासारणीला रडू फुटलं.

"तुमचे डोळे गेले असतील तर? माझ्यामुळेच झालं सगळं. आता याहून बळकट पडदा कुठून आणू?"

"अगं, मी इथे पडून रोज ऐकतोय," कासार म्हणाला. "त्या आधी खिडकीशी येतात, खालची कड पंजाने हलवून बघतात, ओरडतात. वाट मिळाली नाही, की मग वर चढतात. त्यांना पडदा फाडायचा नाही गं, खिडकीत बसायचंय. गिऱ्हाइकाने हात आवळला, तर तू बांगडी दामटतेस का?"

"छे! काच पिचेल. आधी हात सैल सोडायला सांगते."

"मग इथेच कशाला दामटत बसलीस?"

कासारीण ओशाळली. तिने खाट खिडकीखालच्या भिंतीला लावली, म्हणजे ऊन वरून जाईल. तोच पडदा खालून वीतभर उचलला आणि दोरी उंच खुंटीला गुंडाळली. पिवळी आणि भुरी फटीत जाऊन बसल्या. पडद्याला पुन्हा ओरखडासुद्धा उठला नाही.

पण त्या तिरिपेची भीती काही तिच्या मनातून जाईना. दसऱ्यापर्यंतचा एकेक दिवस तिने जीव मुठीत धरून काढला.

दसऱ्याच्या सकाळी वैद्यबुवा म्हणाले, "उघडा डोळे."

कासार खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्याने हळूहळू पापण्या उचलल्या.

"पडद्याखाली भुरी बसलीय," तो म्हणाला. "दोरीचा वळ अजून आहे गं तिच्या मानेवर."

कासारणीने देवाला हात जोडले. मग ती खिडकीशी गेली आणि त्या वळावरून हळूच बोट फिरवत राहिली.

तात्पर्य: घरातली वस्तू नुसत्या बळकटीने टिकत नाही, घरातल्या जिवासाठी तिच्यात वीतभर वाट ठेवली, तर वस्तूही टिकते आणि जीवही.