कुसाजी नाईकाची पालखी जमिनीवर का ठेवतात

पायताणं काढा मंडळी, आणि ढोल का थांबले म्हणून घाबरू नका. दरवर्षी जत्रेत कुसाजी नाईकाची पालखी या ओसाड गावठाणापाशी आली की भोई ती धुळीत टेकवतात. नाईकाची पालखी अन् जमिनीवर! पाहुणे विचारतातच, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

देसायाचा जुलूम उलथून या अकरा गावांनी नुकतंच स्वतःचं राज्य उभं केलं होतं, असं सांगतात. पाच गावं कुसाजीच्या शब्दातली, सहा मानाजी गायकराच्या. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आणि देसाई घाटाखाली फौज घेऊन टपलेला! दोघं एकत्र बसले नाहीत तर दसऱ्याच्या आत मानेवर पुन्हा जू, हे कुसाजीला कळत होतं. त्यानं देवीपुढं बेलभंडार उचलला, "जो माझ्यासंगं राज्याला बसेल, त्याचं पहिलं मागणं मी मोडणार नाही." अहो, काय मागतोस ते आधी विचारावं, मग शपथ घ्यावी. पण आमच्या डोंगरात सगळं उलटंच.

मानाजी गादी मागेल, असं त्याला वाटलं होतं. ती द्यायला तो तयारही होता, म्हणे. मानाजी म्हणाला, "गादी तुलाच लखलाभ. मला जांभवळच्या तळ्याची मोरी दे, पाणी सोडायचं दार. माझी सहा गावं तहानेनं मरतात."

जांभवळ म्हणजे कुसाजीचं स्वतःचं गाव, हेच गावठाण. तळं गावानं हातांनी खणलेलं, आणि बांध घालताना दरड कोसळून त्याचा थोरला भाऊ गेलेला. बरं, मानाजी खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत! कुसाजीनं देवीपुढच्या भंडाऱ्याकडं पाहिलं आणि मोरी दिली.

राज्य उभं राहिलं. अकरा गावांची एकी बघून देसाई आल्या वाटेनं परत गेला. पण मानाजीच्या माणसांनी पाणी पलीकडं वळवलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात जांभवळच्या विहिरींचा तळ दिसला. गुरं मेली. तेव्हा गोदाक्का भर सभेत येऊन उभी राहिली. गोदाक्का म्हणजे कुसाजीची विधवा वहिनी. तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

"भावजी, हे राज्य कुणाचं?"

"सगळ्यांचं, वैनी."

"मग आम्ही कोण?"

मानाजीनं मान खाली घातली, पण मोरी सोडतो म्हणाला नाही.

कुसाजी उठला, पहार घेऊन तळ्यावर गेला आणि दिवसभर मोरीपाशी बसून राहिला. मोरी फोडून पाणी पुन्हा गावाकडं वळवावं तर शपथ मोडते, मानाजी उठून जातो, देसाई पुन्हा येतो. न फोडावी तर आपलीच माणसं तडफडतात. इकडं आड, तिकडं विहीर! पोरासारखा रडला बिचारा, आणि दिवस मावळताना तसाच परतला. त्याच आठवड्यात सगळं जांभवळ पठारावर राहायला निघून गेलं.

आजही जत्रेला जांभवळकर पठारावरून येतात. दहा गावं नाईकाला नारळ फोडतात, हे फोडत नाहीत. सरळ तळ्यावर जातात, ओंजळभर पाणी पितात आणि चालू लागतात. तोवर पालखी उचलायची नाही, ढोल वाजवायचा नाही. नाईकानंच मरताना सांगून ठेवलंय, म्हणे, "त्यांचं पाणी पिऊन होईस्तोवर मला खाली ठेवा. दुसरं काही माझ्या हातात राहिलं नाही."