दवाखाना दोनशे मीटर

आमचं शहर इतक्या घाईनं वाढलं, की सोसायटीला सोसायटी भिडली आणि मधला रस्ता ठेवायचाच राहून गेला. चंपानगरच्या गच्चीवरून हाक मारली, तर समोरच्या सरकारी दवाखान्यातली नर्स वळून बघे. पण मध्ये उंच भिंत होती, म्हणून तिथं जायला रिक्षानं साडेचार किलोमीटरचा वळसा पडे.

तक्रारींचा ढीग झाला, तेव्हा नगररचना अधिकारी सबनीस साहेब स्वतः आले. त्यांनी भिंतीपाशी टेबल मांडून नकाशा पसरला आणि त्यावर फूटपट्टी ठेवली.

"दोनशे मीटर! नियमात पाचशेसुद्धा चालतात. तक्रार निकाली."

"अहो, पण मध्ये भिंत आहे ना!" गुडघा धरून उभ्या असलेल्या यमुनाआजी म्हणाल्या.

"आजी, अंतर सरळ रेषेत मोजतात. भिंत मोजत नाहीत."

"बरोबर आहे साहेब. सरळ रेषेत कावळा जातो. मेल्यावर दहाव्याला पिंडाला शिवायला कावळा होऊन आले, की तशीच पुढं दवाखान्यात जाईन. तोवर माणूस आहे, तर कुठून जाऊ, तेवढं सांगा."

सगळे खो खो हसले. तेवढ्यात एक खराखुरा कावळा भिंतीवर येऊन बसला आणि मान तिरकी करून साहेबांकडे बघू लागला. साहेबांनी घाम पुसला आणि भिंतीत फाटक बसवायचा हुकूम तिथल्या तिथं लिहिला.

महिन्याभरात फाटक झालं. कावळा मात्र अजून वरूनच जातो. त्याला नियम माहीत आहे.